वहीची मागची पानं

हडपसर, पुणे
रविवार, १८ जुलै २०१०

प्रिय कल्याणी,

सप्रेम जयभीम.

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. सहा महिने म्हणजे काही थोडेथोडके नाहीत. दोनदा कागद घेऊन बसलो, पण तुझ्या नावापुढे पेन सरकेना. तुझी आई म्हणाली, "काऊन हो, पोरीले लिवाले मुहूर्त पाह्यजे का?" मी म्हटलं, पत्ता नीट नाही. ती म्हणाली, "गॅसच्या मागं भिंतीवर लिवला हाये, खडूनं. रोज चहा घेता तिथंच." आहे खरा. पिनकोडसकट आहे.

तू आईचा फोन घेतेस, माझा आवाज आला की ठेवतेस. म्हणून पत्र. पत्र ठेवून देता येतं, पण त्याआधी हातात तरी घ्यावं लागतं.

तुझी तब्येत कशी आहे? तुला तलाठी म्हणून मिळालेल्या खोलीत पावसाळ्यात साप निघतात असं आई म्हणाली. खाट भिंतीपासून लांब ठेव. पाणी उकळून पी. कागदावर सही करताना दोनदा वाचत जा. तुला हे सांगायची गरज नाही, पण मला काळजी करायची सवय आहे आणि ती या वयात जायची नाही.

आता कामाचं लिहितो.

पोपटच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तुला सायकल शिकवली तो आपला पोपट. मे महिन्यात, आयटी पार्कच्या मागच्या हिरवळीवर गवत कापायचं यंत्र अडकलं. त्यानं बटण बंद करून हात घातला, पण बटण खराब होतं. मी वीस पावलांवर मेंदी छाटत होतो. ओरडला नाही ग तो. नुसता म्हणाला, "मुकादम, जरा इकडं या."

त्याला दवाखान्यात घालून मी एजन्सीच्या साहेबांकडे गेलो. आयटी पार्कच्या बागेचं काम तेच घेतात आणि आम्हा माणसांना तेच लावतात, तेव्हा औषधपाणी त्यांनीच बघायचं, असा माझा साधा समज. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सुखदेवराव, पोपट आमचा नोकर नाही. तो स्वतंत्र कंत्राटदार आहे. दोन वर्षांपूर्वी कागदावर अंगठा दिलाय त्यानं. कंत्राटदाराचं बोट कंत्राटदाराचं."

त्याच कागदापायी एप्रिलपासून कर कापायला लागले. सरकारचा नवा नियम आला की कंत्राटदाराकडे पॅन कार्ड नसेल तर शंभरातले वीस कापायचे. आमच्या बत्तीस माळ्यांत कार्ड कुणाकडे असणार? गेल्या दिवाळीआधी निवडणुकीच्या सभेत आपल्या भागातल्या नेत्यांनी वचन दिलं होतं, "हातावर पोट असलेल्या कंत्राटी माणसाच्या कमाईला मी कराचा हात लागू देणार नाही." त्यांनी फुकट कार्डांचं शिबिरही घेतलं. सगळ्यांनी अर्ज भरले, नवा सदरा घालून फोटो काढून दिले. कार्ड एकाचंही आलं नाही.

आता गंमत ऐक. या महिन्यापासून दिल्लीनं कराची मर्यादा वाढवली, म्हणून आमचं कापणं थांबलं. लगेच गाडीतळावर फ्लेक्स लागला, 'वचन पाळले!' वर नेत्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली आमचे बत्तीस फोटो, शिबिरात दिलेले तेच. सोनबा बघून म्हणाला, "कार्ड न्हाय आलं, पर फोटू तरी छापून आला. मेल्यावर येतो, आपला जित्तेपणी आला." सोनबा आठवतो ना? ज्याच्या रानावर आयटी पार्क झाला आणि जो आता तिथंच आमच्यात पाणी मारतो तो.

कापणं थांबलं म्हणून पुष्कळ जण म्हणतात, झालं, आता कशाला भांडायचं. पण पोपटची बोटं काही परत आली नाहीत. मी पद्मजाताईंकडे गेलो. त्या कामगारांच्या केसेस चालवतात, फी घेत नाहीत, रागावतात मात्र फार. त्या म्हणाल्या, "कागदावर काहीही असो, ही माणसं रोज ठरलेल्या वेळी येतात, सांगितलेलं काम करतात, सुट्टी मागून घेतात, हे सिद्ध झालं तर ते मजूरच ठरतील. मग पोपटला भरपाई मिळेल, आणि सगळ्यांना रजा, फंड, सगळं. हजेरी आहे का?"

एजन्सीनं लिहून दिलंय की आम्ही हजेरी ठेवतच नव्हतो, ही माणसं मर्जीनं येत आणि मर्जीनं जात.

पण हजेरी आहे, कल्याणी. तुझ्या वह्यांत आहे. तू परीक्षेचा अभ्यास वहीत पुढून लिहायचीस, पानं कोरी राहायची, म्हणून मी मागून हजेरी मांडायचो. हजर असला तर उभी रेघ, नसला तर फुली. दर शनिवारी साहेब त्यावर सही करायचे, कारण किती माणसं लावली ते त्यांना आयटी पार्कला दाखवावं लागे. त्या लांब दोनशेपानी वह्या तू जाताना टिपणांसाठी म्हणून नेल्यास. असतील ना? रद्दीत नसतील ना घातल्या?

त्या पाठव. पोपटसाठी पाठव.

त्या दिवशी जे झालं त्यात दोघांचंही थोडंथोडं चुकलं, असं मला वाटतं.

तुझा,
बाबा


हडपसर
रविवार, ८ ऑगस्ट २०१०

प्रिय कल्याणी,

सप्रेम जयभीम.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. पोस्टात विचारून आलो. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, भंडारा जिल्हा भारतातच आहे, पोचेल." हे पत्र रजिस्टर करतो आहे, म्हणजे पोचल्याची पावती मला मिळेल. तुझी सही असेल त्यावर. तेवढी तरी बघायला मिळेल.

सुनावणीची तारीख लागली. सोमवार, वीस सप्टेंबर, सकाळी अकरा, शिवाजीनगरला कामगारांच्या कार्यालयात. त्याच्याआधी वह्या हव्यात.

साहेबांना कळलं. मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, हे पहिल्यांदाच. म्हणाले, "सुखदेवराव, आपण वकिली कधीपासून करायला लागलात? सातवीनंतर का आधी?" मग म्हणाले, "अहो, दोन वर्षांत निवृत्त व्हाल. शांतपणे व्हा. बागेत काय आणि आयुष्यात काय, वाढलेलं छाटायचं असतं, हे मी आपल्याला शिकवायचं?" शेवटी चहा मागवला. मी तो प्यायलो, हे तुला सांगून टाकतो. नाही म्हणायचं धैर्य चहा गार झाल्यावर आलं.

अर्जावर आधी बत्तीस अंगठे आणि सह्या होणार होत्या. आता अकरा आहेत. बाकीच्यांना साहेबांच्या माणसानं सांगितलं की कर थांबलाय तो नेत्यांच्या शब्दामुळे, तक्रार कराल तर तो परत लागेल. मी समजावून सांगतो की दिल्लीचा नियम आपल्या तक्रारीनं बदलत नाही. ते माझ्याकडे बघतात आणि मान डोलावतात आणि सही करत नाहीत. सोनबाला विचारलं, असं का? तो म्हणाला, "मुकादम, मागच्या येळी बी तुमीच समजावलं व्हतं."

तेव्हा ते लिहितो. तुला अर्धं माहीतच आहे.

सभेत नेत्यांनी वचन दिलं तेव्हा मी स्टेजवर होतो. मला हार घातला होता. माईक हातात दिला आणि मी म्हणालो, "हे शब्दाचे पक्के आहेत, आपल्या वस्तीची सगळी मतं यांनाच." मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होतो. शब्दाचे पक्के की कच्चे, मला काय माहीत? पण माईक हातात आला की माणसाला वाटतं आपल्याला माहीत आहे. घरी आलो तेव्हा तू हाराकडे बघून म्हणालीस, "बाबा, झेंडू कुठल्या बागेतला?" मला राग आला होता. आज ते आठवून मीच एकटा हसलो, आईनं विचारलं काय झालं.

आणि त्याआधीचं, कागदाचं. दोन जून २००८, सोमवार. साहेब म्हणाले, "आजपासून तुम्ही मजूर नाही, उद्योजक." पेढे वाटले. इंग्रजी कागद होता, त्याला जोडून मराठीचं एक पान होतं. पोपट म्हणाला, "मुकादम वाचतील, मग अंगठा." सगळे माझ्याभोवती उकिडवे बसले. मी वाचलं. अवघड भाषा होती, मला नीट कळली नाही, जसं जमलं तसं वाचलं आणि म्हणालो, ठीक आहे. त्यांनी अंगठे दिले. मला कळलं नाही यात माझा काय दोष, असं मी आजवर मनाला सांगत आलो.

तू आदल्या रात्रीच म्हणाली होतीस, "बाबा, कागद घरी आणा, मी वाचते." मी म्हटलं होतं, मुकादमानं कागद पोरीकडून वाचून घ्यायचा का? ते चुकलं. एवढं कबूल करतो.

पोपट आता कामावर येतो. डाव्या हातानं पाइप धरतो. साहेब त्याला म्हणाले, "कंत्राटदार आहात, अर्ध्या हाताचं कंत्राट अर्धं." तो हसला. त्याचं हसणं मला सहन होत नाही.

वह्या पाठव, बाळा. माझ्यासाठी नको.

बाबा

ता. क. पावसात तुमच्याकडे नदी चढते. पंचनाम्याला जाताना एकटी जाऊ नकोस, कोतवालाला बरोबर घे.


हडपसर
रविवार, २९ ऑगस्ट २०१०

प्रिय कल्याणी,

जयभीम.

पावती आली. तुझी सही आहे. म्हणजे पत्र तुझ्या हातात पोचलं आणि तू काही लिहिलं नाहीस. मी दोष देत नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं, ते तुला वाचताक्षणी कळलं असणार. तू माझी मुलगी आहेस.

काल पद्मजाताई सोनबाच्या अंगणात आल्या. म्हणाल्या, सुनावणीआधी प्रत्येकाला कळलं पाहिजे की आपण कशावर अंगठा दिलाय. अकरा जण होते, आणखी सहा-सात कुंपणाशी उभे होते, ऐकायचं पण दिसायचं नाही असे. ताईंनी ते मराठीचं पान मोठ्यानं वाचायला घेतलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतो. आता येईल, आता येईल, असं होत होतं. आणि आलं. ताईंनी वाचलं, "उभय पक्षांत मालक व नोकर असे कोणतेही नाते असणार नाही."

पोपट म्हणाला, "थांबा ताई. हे परत वाचा."

त्यांनी वाचलं.

"हे आपण ऐकलं नव्हतं," पोपट म्हणाला. "माझ्या लक्षात राहिलं असतं. मला वाचता येत नाही, म्हणून ऐकलेलं माझ्या लक्षात राहतं."

सगळे माझ्याकडे वळले. कल्याणी, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मी तिथून उठून जाऊ शकत होतो. गुडघा दुखतो म्हणालो असतो, आणि तो दुखतोही. पण मी उठलो आणि उभाच राहिलो. म्हणालो, "ती ओळ मी गाळली."

ती एक ओळ मला कळली होती. सबंध पानात तेवढीच नीट कळली होती. मालक आणि नोकर हे दोन शब्द कळायला सातवी लागत नाही. मी बोट त्या ओळीखालून सरकवलं आणि पुढची वाचली. कारण सकाळीच साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की सगळे कंत्राटदार होतील, तुम्ही मात्र पगारावरच राहाल. पर्यवेक्षक म्हणून. फंड, रजा, दवाखाना, सगळं चालू. फक्त आज अंगठे झाले पाहिजेत.

हे तुला माझ्या सदऱ्याच्या खिशातल्या पगाराच्या चिठ्ठीवरून जानेवारीत कळलं. कपडे भिजवताना चिठ्ठी निघाली. तू ती घेऊन दारात आलीस, दारात पोपट बसला होता, आणि तू त्याच्यासमोर विचारलंस, "बाबा, हे काय आहे? यांना माहीत आहे?" मी तेव्हा काय म्हणालो ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. मी म्हणालो, "याच चिठ्ठीवर तुझी पुस्तकं आली. खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस." आणि पोपटला म्हणालो, "पोरीला शिकवलं की असं होतं." पोपटला वाचता येत नाही, त्याला त्या चिठ्ठीतलं काही कळलं नाही, तो माझ्या बाजूनं हसलासुद्धा. दुसऱ्या दिवशी तू वह्या बांधून भंडाऱ्याला मावशीकडे गेलीस आणि तिकडेच नोकरीला लागलीस.

दोघांचं थोडंथोडं नव्हतं चुकलं. माझंच चुकलं.

अंगणात मी हे सगळं सांगितलं, चिठ्ठीचंही. पोपटची बायको हिरा बोलली. तिचा आवाज तुला माहीत आहे, तीन गल्ल्या ऐकू जातो. पण काल हळू बोलली. "तुम्हाला वाचता येतं म्हणून तुमच्या हातात कागद दिला, मुकादम. माझ्या हातात दिला असता तर मी निदान 'येत नाही' म्हणाले असते."

सोनबा म्हणाला, "माझं रान गेलं तवा बी वाचणारा घरचाच व्हता." एवढंच बोलून तो बिडी शोधायला लागला. बिडी त्याच्या कानावरच होती.

पद्मजाताई मात्र वेगळंच म्हणाल्या. "सुखदेवराव, तुम्हीही तीच कात्री चालवता ना? तीच मेंदी छाटता? त्याच टेम्पोतून येता?" मी हो म्हटलं. "मग तुमची चिठ्ठी हा पुरावा आहे. एकाच बागेत तेच काम करणारा एक माणूस नोकर आणि बत्तीस कंत्राटदार, हे कसं, ते सांगायला साहेबांना जड जाईल. द्याल चिठ्ठी?" मग स्वतःच म्हणाल्या, "नोकरी राहणार नाही, हे धरून चला."

मी सांगतो म्हटलं आणि घरी आलो. तुझी आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ती पुष्कळ वेळ खडेच वेचत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्सं मले सांगतलं नाही, पोरीनंही नाही. मी त्या हिराच्या घरी पोपटले हळदीचं दूध नेत होती, ना तिच्यासंगं साहेबाले शिव्या देत होती." पुन्हा खडे. "द्या चिठ्ठी. मी धुण्याभांड्याची कामं धरीन. पह्यले केली नाही का?"

मी चिठ्ठी देणार आहे. फक्त एक नाही, सगळ्या. पत्र्याच्या डब्यात महिन्याप्रमाणे लावून ठेवल्या होत्या, जपून, जसं काही कुणी बक्षीस देणार होतं. आणि सुनावणीला उभा राहून सांगणार आहे की ओळ गाळली ती मी, कुणाच्या सांगण्यावरून गाळली तेही. रात्री झोप येत नाही, साहेब समोर असतील तेव्हा जीभ उचलेल की नाही याची धास्ती वाटते. पण ठरलं आहे. तुझ्या वह्या आल्या तरी ठरलं आहे आणि नाही आल्या तरी.

आल्या तर बरं होईल. बत्तीस जणांचं बरं होईल.

बाबा


हडपसर
रविवार, १९ सप्टेंबर २०१०

प्रिय कल्याणी,

सप्रेम जयभीम.

पार्सल गुरुवारी आलं. पाच वह्या, खाकी कागद, सुतळी, वर तुझं अक्षर. आत पत्र असेल म्हणून आईनं सुतळीसुद्धा झटकून पाहिली. पत्र नव्हतं. "वह्या तं आल्या ना," असं म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

वह्या वाळवीनं खाल्ल्या नाहीत, भिजल्या नाहीत. प्रत्येक शनिवारी साहेबांची सही आहे, ती वळणदार, शेपटीवाली. कागद झाल्यावर दीड वर्ष त्यांनी 'कंत्राटदारां'च्या हजेरीवर सह्या केल्या आहेत. पद्मजाताईंनी पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. मी पानं दाखवतोय असं कळल्यावर कुंपणाशी उभे राहणारे आत आले. प्रत्येकाला स्वतःची रेघ बघायची होती. वाचता येत नाही, पण मी नाव दाखवलं की बोट ठेवून रेघा मोजत जात होते. पोपटनं डाव्या हाताचं बोट ठेवलं. एका फुलीवर थांबला आणि म्हणाला, "ही माझ्या लेकीला ताप होता तेव्हाची." त्याला तारीख वाचता येत नाही, कल्याणी. मागून पुढून रेघा मोजून त्यानं ओळखलं.

आता अर्जावर सत्तावीस आहेत. हिरानं सगळ्यांचे अंगठे स्वतः उभं राहून घेतले, प्रत्येकाला आधी अर्ज दोनदा वाचायला लावला. मीच वाचला. ती माझ्या बोटाकडे बघत होती, ओळ सुटते का म्हणून. बघू दे. हक्क आहे तिचा.

साहेबांना वह्यांचं कळलं असावं. काल टेम्पो आम्हा अठ्ठावीस जणांसाठी गाडीतळावर थांबला नाही. आम्ही चालत गेलो. सोनबा म्हणाला, "माझ्याच रानाला जायला मला टेम्पो लागतो व्हय?" फ्लेक्स अजून तिथंच आहे, शेजारी गणपतीचा मांडव पडलाय. पावसानं शाई उतरली, नेत्यांचा चेहरा निळा झालाय. आमचे खालचे फोटो मात्र शाबूत आहेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

शुक्रवारी दुपारी एकटाच वह्या चाळत होतो. मी हजेरीत बत्तीस नावं लिहायचो, माझं कधी लिहिलं नाही. मुकादम स्वतःची हजेरी कशाला मांडेल? पण प्रत्येक पानावर, बत्तीस नावांच्या खाली, पेन्सिलनं तेहतिसावी ओळ आहे. 'बाबा.' तुझं अक्षर. आणि पुढं रोजची उभी रेघ. तू हे कधी करायचीस मला कळलंच नाही. अभ्यासाला वही घेतलीस की करत असशील. मला ताप होता ते तीन दिवस तू फुल्या मारल्या आहेस, अगदी बरोबर.

मग जून २००८ चं पान काढलं. दोन तारीख, सोमवार. त्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस हजर होते, अंगठ्यासाठी सगळ्यांना बोलावलं होतं. सरळ बत्तीस रेघा. आणि खाली माझ्या नावापुढे फुली.

मी तिथं होतो, कल्याणी. मधोमध बसलो होतो, कागद माझ्या हातात होता. पण तू बरोबर मांडलंस. संध्याकाळी घरी येऊन मी पेढा दिला, तू विचारलंस, "सगळं वाचलंत?" आणि मी हात धुवायला गेलो. तेव्हाच तुला कळलं होतं. दीड वर्ष आधी. तरी तीन तारखेपासून तू पुन्हा रोज रेघ मारलीस. तू चिठ्ठीमुळे गेलीस असं मी समजत होतो. चिठ्ठीनं फक्त फुलीचं कारण सांगितलं.

शेवटच्या वहीत शेवटचं पान नऊ जानेवारीचं आहे, तू गेलीस त्याच्या आदल्या दिवसाचं. तिथं माझ्या नावापुढे रेघही नाही, फुलीही नाही. मोकळं सोडलं आहेस.

पद्मजाताई म्हणाल्या, "पेन्सिलची ओळ खोडून टाका. साहेबांचा वकील म्हणेल, वहीत मागाहून घातलंय." आजवर मी कुणाचंही ऐकत आलो, साहेबांचं, नेत्यांचं. या वेळी नाही म्हटलं. उद्या विचारलं तर सांगेन, ही ओळ माझ्या मुलीनं लिहिली, आणि फुली कशाची ते मी सांगतो, बसा. ताई म्हणाल्या, "ठीक आहे. तिथूनच सुरुवात करू."

उद्या अकराला सुनावणी. आम्ही आठच्या बसनं निघतोय, बस चुकायला नको. इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय. आईनं डबा करायचं ठरवलंय, अठ्ठावीस माणसांचा, ऐकत नाही. वह्या पिशवीत, चिठ्ठ्यांचा डबा पिशवीत, पिशवी उशाशी. तरी दर तासाला उघडून बघतो, आहेत ना. निकाल उद्याच लागणार नाही, तारखा पडतील, ताईंनी तशी कल्पना दिली आहे. नोकरी मात्र बहुतेक उद्याच जाईल. जाऊ दे. मी जाणार आहे, उभा राहणार आहे आणि ती ओळ मोठ्यानं वाचणार आहे.

पत्र लिहायला तुला वेळ नसेल, किंवा मन नसेल, तर मोठं लिहू नकोस. सोबत एक कोरं पोस्टकार्ड घातलं आहे, माझा पत्ता मीच लिहिला आहे. त्यावर वीस सप्टेंबर अशी तारीख घाल आणि पुढं एक खूण कर. उभी रेघ नाहीतर फुली. उद्या काय झालं ते आई तुला फोनवर सांगेल, ते ऐकून तुला जी योग्य वाटेल ती. मी वाद घालणार नाही.

फक्त लवकर टाक. मी पोस्टमनच्या वेळेला दारातच बसतो हल्ली.

तुझा,
बाबा